लाकडाचे तीन वैरी

मंडळी, आज आपण लाकडाविषयी बोलू. तुम्ही म्हणाल, मास्तर लाकडातलं काय सांगणार? ते सुताराला कळतं. खरे आहे. पण सुतार काम करून जातो. घरात आपण राहतो. तुळई मोडली तर ती आपल्या लेकराबाळांच्या अंगावर पडते. म्हणून थोडे आपल्यालाही कळले पाहिजे.

आपल्या खानदेशात धाब्याची घरे पुष्कळ. आता सिमेंटची घरे झाली, पत्र्याची झाली. तरी जुन्या गावठाणात धाबी अजून उभी आहेत. मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर कड्या आणि कड्यांवर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात असे घर गार राहते. पावसाळा जवळ आला की आपण धाब्यावर नवी माती घालतो. जुनी माती मात्र काढत नाही. मग काय होते? वरचे ओझे दर साली वाढते. खालची तुळई दर साली आतून पोखरली जाते. एक दिवस झड लागते. माती पाणी पिऊन जड होते. तुळई कडकन मोडते. घरातली माणसे झोपेत गाडली जातात. लोक म्हणतात, पावसाने घर पडले. पाऊस शेवटचा धक्का देतो. घर त्याच्या कितीतरी आधीपासून कुजत असते.

तर लाकडाचा नाश कोण करतो? त्याचे तीन वैरी आहेत.

पहिला वैरी बुरशी. लाकूड कुजते ते हिच्यामुळे. बुरशी ही फार बारीक वनस्पतीसारखी जात. ती लाकूड खाऊन जगते. तिला चार गोष्टी लागतात: पाणी, हवा, ऊब आणि खाणे. यातली एक जरी काढून घेतली तरी ती मरते किंवा गप्प बसते. तुम्ही कुंपणाचा जुना खांब उपटून पाहा. तो वर शाबूत असतो. अगदी खालच्या टोकालाही पुष्कळदा बरा असतो. कुजतो कुठे? जमिनीच्या तोंडाशी! वर हवा आहे पण ओल नाही. खोल ओल आहे पण हवा कमी. जमिनीच्या तोंडाशी दोन्ही आहेत. तिथेच बुरशीचे फावते. कुजलेले लाकूड मऊ पडते. टोच्या सहज आत जातो.

दुसरा वैरी वाळवी. आपल्याकडे कोणी तिला उधई म्हणतात. ती जमिनीतून येते. तिला उजेड सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही. म्हणून ती भिंतीवरून मातीची नळी बांधत वर चढते. अशी नळी दिसली की समजावे, घरात पाहुणी आली. ती लाकडाचा वरचा पापुद्रा ठेवते आणि आतले खाते. खांब दिसायला चांगला, वाजवला तर पोकळ!

तिसरा वैरी भुंगा. त्याची अळी लाकडात भोके पाडते. भोकांतून पिठासारखा बारीक भुगा खाली पडतो. बांबूत आणि सालीजवळच्या पांढऱ्या लाकडात गोड सत्त्व असते. भुंग्याला तेच आवडते.

आता तीन खुणा पाठ करा. मऊ पडले तर बुरशी. मातीची नळी दिसली तर वाळवी. पीठ पडले तर भुंगा. वैरी ओळखला की उपाय सापडतो.

आपल्या वाडवडिलांनी यातले पुष्कळ ओळखले होते. जुन्या वाड्यात खांब जमिनीत पुरलेला दिसत नाही. तो दगडी तळखड्यावर उभा असतो. दगडामुळे जमिनीची ओल लाकडात चढत नाही, आणि वाळवीची नळी दगडावर लगेच दिसते. बाभळीचा ओंडका पाण्यात काही महिने बुडवून ठेवण्याची रीत आहे. मग त्याचे जू किंवा औत करतात. पाण्यात त्याचे गोड सत्त्व धुऊन जाते आणि भुंगा कमी लागतो. जांभळाचे लाकूड विहिरीत वापरतात. ते पाण्याखाली पुष्कळ टिकते.

कोरडे लाकूड किती टिकते ते पाहायचे असेल तर पुणे जिल्ह्यात कार्ल्याचे लेणे पाहा. लेण्याच्या छताला सागवानी कमानी आहेत. त्या सुमारे दोन हजार वर्षांच्या आहेत. वर डोंगराचे छप्पर आहे, पाऊस लागत नाही. आपल्या जवळच्या अजिंठ्याला सव्विसाव्या लेण्यात अशाच कमानी आहेत, पण त्या दगडातच कोरल्या आहेत. कारागिरांनी लाकडाचा घाट दगडात उतरवला.

पण सगळ्यांना डोंगराचे छप्पर कुठून मिळणार? म्हणून शास्त्रज्ञांनी लाकडाला औषध देण्याचे शोध लावले. आपल्या देशात हे काम उत्तरेला डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत झाले. ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिथे लाकडाची परीक्षा कशी घेतली, ते ऐका. निरनिराळ्या झाडांच्या गाभ्याच्या खुंट्या केल्या. प्रत्येक खुंटी ६० सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि तितकीच जाड. त्या मोकळ्या जमिनीत पुरून ठेवल्या आणि किती महिने टिकतात ते वर्षानुवर्षे पाहिले. १२० महिने, म्हणजे दहा वर्षे किंवा अधिक टिकले ते पहिल्या वर्गाचे लाकूड. ६० ते १२० महिने टिकले ते दुसऱ्या वर्गाचे. त्याहून कमी टिकले ते तिसऱ्या वर्गाचे. आपला साग पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला. आपला अंजनही पहिल्या वर्गात. आंबा आणि सावर तिसऱ्या वर्गात गेले. हे उघड्या जमिनीतले झाले. कोरड्या घरात हीच लाकडे पुष्कळ अधिक टिकतात.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. टिकाऊपणा असतो तो गाभ्यात. सालीजवळचे पांढरे लाकूड सागाचे असले तरी कच्चेच. कोवळ्या झाडात पांढरे जास्त आणि गाभा कमी. बाजारात 'साग आहे' म्हटले म्हणून भुलू नका. टोक पाहा. गाभा किती, पांढरे किती, ते विचारा.

याच डेहराडूनच्या संस्थेत सोंटी कामेशम नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९३३ साली लाकडासाठी एक औषध शोधले. त्याचे नाव 'अस्कू'. त्यात तीन द्रव्ये होती. एक तांब्याचा क्षार, म्हणजे आपण पिकावर फवारतो ते मोरचूद. तांबे बुरशीला मारते. दुसरे आर्सेनिक, म्हणजे सोमलाच्या जातीचे विष. ते वाळवीला आणि भुंग्याला मारते. तिसरा क्रोमियमचा क्षार. त्याचे काम मोठे नामी. तो बाकीच्या दोघांना लाकडात घट्ट धरून ठेवतो. नुसते मोरचूद लावले तर पावसात धुऊन जाते. क्रोमियममुळे ते सहज धुतले जात नाही. मोठ्या बंद टाकीत लाकूड ठेवायचे, आतली हवा काढायची, मग दाब देऊन औषध आत भरायचे. हे औषध पुढे जगभर गेले. विजेच्या आणि तारेच्या खांबांना ते परदेशातही देऊ लागले. आपल्या देशातल्या माणसाचा हा शोध. अभिमान वाटावा असाच आहे.

पण अभिमान असला तरी पुढची गोष्ट लपवू नये. आर्सेनिक हे विष आहे. ते थोडे थोडे लाकडातून बाहेर येते, मातीत उतरते, हाताला लागते. म्हणून अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागा यांसाठी अशा लाकडाचा वापर बंद करण्यात आला. आता आर्सेनिकाऐवजी बोरॉन घातलेली औषधेही आहेत. आपण काय करावे? असे औषध दिलेले हिरवट लाकूड गव्हाणीला, पाळण्याला, धान्याच्या कोठीला वापरू नये. आणि मायबहिणींनो, त्याचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत. त्याच्या धुरात आणि राखेत विष असते. ती राख भांडी घासायला घेतली तर विष पोटात जायचे. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरांचेही तसेच. त्यांना दगडी कोळशाच्या डांबरातून काढलेले काळे तेल पाजलेले असे. भुसावळकडच्या लोकांना तो वास ठाऊक आहे. आता रेल्वेने सिमेंटचे स्लीपर घातले आहेत, पण जुने कुठे पडले असतील. तेही चुलीत घालू नका.

मग घरच्या घरी करण्यासारखे काय आहे? छपराखालच्या बांबूसाठी एक सोपा उपाय आहे. सोनाराकडे टाकणखार असतो. त्याला बोरॅक्स म्हणतात. १०० लिटर पाण्यात ३ किलो टाकणखार आणि २ किलो बोरिक अ‍ॅसिड विरघळवावे. खड्ड्यात जाड प्लास्टिक अंथरून त्यात हे पाणी घ्यावे. ताजा बांबू त्यात पूर्ण बुडवावा आणि वर दगड ठेवावा. फोडलेल्या कामट्या तीन-चार दिवस ठेवाव्यात. अखंड बांबू आठ-दहा दिवस ठेवावा, पण आधी सळईने त्याच्या आतल्या गाठी फोडाव्यात. मग सावलीत वाळवावा. हे पाणी पोटात जाता कामा नये. खड्डा झाकून ठेवा. गुरे आणि पोरे यांना जवळ येऊ देऊ नका. उरलेले पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

हे औषध पावसात धुऊन जाते, म्हणून ते छपराखालीच उपयोगी. साक्रीकडच्या शेतकऱ्याने कांदाचाळीच्या आतल्या बांबूला ते द्यावे, पण चाळीचे खांब दगडावर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यावर उभे करावेत. रावेर-यावलकडे केळीला बांबूचे टेकू देतात. ते जमिनीत रोवायचे, त्यांना हे औषध पुरत नाही. हंगाम संपला की ते उपटावेत, माती झटकावी आणि छपराखाली दगडांवर रचून ठेवावेत. बांधावर ओलीत टाकून दिले तर दुसऱ्या साली विकत घ्यावे लागतात.

कोणी खांबाचे टोक जाळून काळे करतात. वरचा कोळसा कुजत नाही, पण भेगेतून पाणी आत जाते आणि आतले लाकूड कुजते. कोणी ट्रॅक्टरचे जळके ऑईल चोपडतात. ते वरवरच राहते. ओल तोडल्यावाचून दुसरे सगळे उपाय अपुरे.

आता धाब्याच्या घरात राहणाऱ्यांनी वैशाखात करायची कामे सांगतो.

एक: तुळईची भिंतीत गेलेली टोके टोच्याने टोचून पाहा. कुजायला तिथूनच सुरुवात होते.

दोन: तुळई आणि खांब ठोकून पाहा. पोकळ वाजले तर त्याच दिवशी खाली भक्कम धिरा द्या.

तीन: नवी माती घालण्याआधी जुनी माती खरवडून काढा.

चार: पन्हळी मोकळ्या करा. पागोळीचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी साचू देऊ नका.

पाच: मातीची नळी दिसली तर मोडा. दोन दिवसांनी पुन्हा पाहा. पुन्हा बांधली असेल तर वाळवी चालू आहे. जाणत्या माणसाला बोलवा.

सहा: तुळई मोडकळीला आली असेल तर झड लागण्यापूर्वी त्या खणात झोपणे बंद करा. खाटा दुसरीकडे हलवा. म्हातारी माणसे आणि लहान मुले आधी.

या कामांना पैसा फार लागत नाही. एक टोच्या, एक फावडे आणि एक दिवस पुरतो. आणखी एक सांगतो. जी तुळई दहा वर्षांऐवजी चाळीस वर्षे टिकते, तिच्यामुळे सातपुड्यातली तीन झाडे तुटायची वाचतात. आपल्या तापीचे पाणी त्याच झाडांखाली मुरते.

ज्यांना आमच्या बोलण्याचा भरवसा वाटत नाही, त्यांनी डेहराडूनसारखी परीक्षा आपल्या परसात घ्यावी. सागाच्या गाभ्याची एक खुंटी, सागाच्याच पांढऱ्या लाकडाची दुसरी आणि आंब्याची तिसरी. तिन्ही अर्ध्या जमिनीत पुरा. आता तुम्हाला लिहिता येते. पुरल्याची तारीख वहीत लिहा. दर पावसाळ्यानंतर उपटून पाहा, काय दिसले ते लिहा आणि परत पुरा. तीन वर्षांनी ती वही आपल्या मुलाला वाचायला द्या.