चिरंजीव नायक आणि त्यांचे कथाकार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, इतिहास, शेती, सहकार अशा भारदस्त विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. त्या मानाने माझा आजचा विषय काही वडीलधाऱ्यांना पोरकट वाटेल. आपली मुले ज्यांना सुपरहिरो म्हणतात, त्या अतिमानवी नायकांविषयी मी बोलणार आहे. आणि तेही मूळ लेखकांनी लिहिलेल्या कथांविषयी नव्हे, तर वाचकांनी आपल्या हौसेने त्या कथांना जोडलेल्या कथांविषयी. इंग्रजीत या प्रकाराला फॅन फिक्शन म्हणतात. नायक दुसऱ्याचा, जग दुसऱ्याने उभारलेले, पण पुढची गोष्ट आपली, असा हा मामला आहे. त्यात पैसा मिळत नाही, नावही फारसे होत नाही. तरीसुद्धा जगभर हजारो तरुण मुलेमुली अशा कथा लिहीत असतात.

या कथांत दोन कल्पना फिरून फिरून येतात. एक म्हणजे काळातून मागे किंवा पुढे जाणे, आणि दुसरी म्हणजे नायकाला शेकडो वर्षांचे आयुष्य मिळणे. दोन्हींच्या मुळाशी एकच हट्ट आहे. आवडता माणूस मरू नये, हा तो हट्ट.

हा हट्ट नवा नाही. शेरलॉक होम्सला त्याच्या निर्मात्याने, आर्थर कॉनन डॉइलने, 1893 साली एका कथेत मारून टाकले. वाचक काही केल्या ते मानीनात. शेवटी 1903 साली डॉइलला त्याला जिवंत परत आणावे लागले. सुपरमॅन 1938 मध्ये कागदावर अवतरला, आणि 1978 च्या चित्रपटात तर त्याने कमालच केली. प्रेयसी भूकंपात गाडली गेली, तेव्हा तो पृथ्वीभोवती इतक्या वेगाने उडाला की काळच उलटा फिरला आणि ती जिवंत झाली. 2019 साली आलेल्या ‘ॲव्हेंजर्स : एंडगेम’ या चित्रपटात नायक भूतकाळात जाऊन नाहीशा झालेल्या कोट्यवधी लोकांना परत आणतात, पण त्या खटाटोपात टोनी स्टार्क हा लाडका नायक प्राणाला मुकतो. मग वाचकांनी लेखण्या सरसावल्या. कोणी काळ मागे फिरवला, कोणी त्याच्या जागी दुसऱ्याला पाठवले, आणि टोनी स्टार्क कितीतरी वहीपानांवर अजून जिवंत आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे अमेरिकेचे. आपल्या तिरोड्याचा, या झाडीपट्टीचा याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जुना आहे. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, आणि रात्र रात्र दंडार व नाटके चालतात. दंडारीतल्या पौराणिक कथानकात व्यासांना ठाऊक नसलेली किती पात्रे घुसतात! किती विनोद आणि किती संवाद गावचा नट पदरचे घालतो! कीर्तनकार आख्यान लावतो, तेव्हा तोही दुसऱ्याच्या नायकाची गोष्ट आपल्या परीने वाढवीतच असतो. त्याला कोणी चोर म्हटलेले नाही. तेव्हा ही परंपरा आपल्या अंगणातलीच आहे. प्रश्न आहे तो एवढाच की, गोष्ट वाढवताना तिच्यात नेमके काय घालावे. त्यासाठी तीन-चार उदाहरणे आपण पाहू.

पहिले उदाहरण अश्वत्थाम्याचे. द्रौपदीच्या झोपलेल्या पुत्रांचा वध केल्याबद्दल त्याच्या मस्तकातला मणी काढून घेतला गेला, आणि श्रीकृष्णाने त्याला एकाकी भटकण्याचा शाप दिला, ही कथा आपण सर्व जाणतो. पण महाभारतात त्या शापाला मुदत आहे. सौप्तिक पर्वात ती तीन हजार वर्षांची सांगितली आहे. लोकांनी मात्र मुदत पुसून टाकली आणि त्याला कायमचा चिरंजीव केले. जखमेवर घालण्यासाठी तो दारोदार तेल मागत फिरतो, ही भरही लोकांचीच. महाभारतात ती नाही. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या रांगेत अस्तंबा नावाचे शिखर आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो आदिवासी बांधव ते चढून जातात. तिथे अश्वत्थामा वावरतो, वाटसरूंकडे तेल मागतो, आणि वाट चुकलेल्यांना रस्ताही दाखवतो, अशी त्यांची श्रद्धा आहे.

यात काय घडले, ते पाहा. मूळ ग्रंथाने त्याला शासन दिले आणि तो पुढच्या कथेकडे वळला. शापित माणूस इतकी वर्षे जगला कसा असेल, जखम ठणकली तर काय करीत असेल, असे प्रश्न ग्रंथाला पडले नाहीत. ते सातपुड्यातल्या माणसाला पडले. त्याने अपराध माफ केला नाही, जखमही बरी केली नाही. त्याने फक्त तेलाची सोय केली, आणि अपराध्याच्या हाती वाट दाखवण्याचे काम दिले. वाचकाने मूळ कथेत भर घालावी ती अशी, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण रेवतीचे. राजा ककुद्मी आपल्या मुलीसाठी वर विचारायला तिला घेऊन ब्रह्मलोकी गेला. तिथे गायन चालू होते, म्हणून तो क्षणभर थांबला. गायन संपल्यावर त्याने प्रश्न विचारला, तेव्हा ब्रह्मदेव हसला आणि म्हणाला की, तू मनात धरलेले सारे वर, त्यांचे पुत्र, नातू, पणतू काळाने केव्हाच नेले. तेवढ्यात सत्तावीस चतुर्युगे उलटली आहेत. ही कथा सांगताना काही मंडळी पुराणकारांना सापेक्षतावाद ठाऊक होता असे म्हणू लागतात. ते कृपा करून म्हणू नये. त्या सिद्धांताचा पाया आइन्स्टाइनने 1905 साली गणित मांडून घातला. पुराणकाराने गोष्ट सांगितली. दोघांचा मान वेगवेगळा आहे. कथेच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, पुढच्या काळात जाणारा माणूस एकटा पोचतो. रेवतीला बलराम मिळाला खरा. पण तिच्या सख्या, तिची भाषा यांचे काय झाले, हे भागवतात नाही. ते लिहायचे अजून शिल्लक आहे. इथे बसलेल्या एखाद्या मुलीने ते जरूर लिहावे.

हेच दुःख कॅप्टन अमेरिकेचे. 1941 साली जन्मलेल्या या नायकाला 1964 साली बर्फातून पुन्हा बाहेर काढले, तेव्हा त्याची झोप वीस वर्षांची होती. पुढे 2011 च्या चित्रपटात तीच झोप सत्तर वर्षांच्या घरात गेली. कथा जसजशी नव्याने सांगावी, तसतशी नायकाची रात्र लांबत जाते. आपल्या मुचकुंदाची आठवण व्हावी, असाच हा प्रकार आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत कठोर आहे. ययातीला अकाली वार्धक्याचा शाप मिळाला. त्याने पुत्रांपाशी तारुण्य मागितले. थोरल्यांनी नकार दिला, धाकट्या पुरूने होकार दिला, आणि बापाने मुलाच्या तारुण्यावर हजार वर्षे भोग घेतले. इथे दीर्घायुष्याची किंमत उघड उघड दुसऱ्याच्या खात्यातून वळती झाली आहे. वि. स. खांडेकरांनी 1959 साली ‘ययाति’ कादंबरी लिहिली, ती ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा यांना स्वतःच्या तोंडून बोलायला लावून. आणि माथेरानला जन्मलेल्या गिरीश कार्नाडांनी 1961 च्या आपल्या कन्नड नाटकात महाभारतात नसलेले एक पात्र निर्माण केले. ते म्हणजे पुरूची नववधू चित्रलेखा. पती एका रात्रीत म्हातारा झाला, तर नव्याने घरात आलेल्या मुलीने काय करायचे? मूळ कथेने पुरूच्या पितृभक्तीचे कौतुक केले. पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नाटकात चित्रलेखा तो सासऱ्याला विचारते आणि प्राण देते.

भूतकाळात मागे जाण्याची कथाही मराठीत उत्तम लिहिली गेली आहे. पानिपत हे आपले जुने शल्य. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासरावांना लागलेली ती गोळी चुकली असती तर? डॉ. जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हाच विचार केला. गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात जातात, जिथे मराठे जिंकले आहेत. पण तिथे सभेतली अध्यक्षांची खुर्ची रिकामी ठेवलेली असते, कारण लोकांना लांबलचक भाषणांचा वीट आलेला असतो! पंत आपणहून त्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि मार खातात. तेव्हा अध्यक्ष महाराज, विजयी मराठ्यांच्या जगात तुमची आणि माझी काही धडगत नव्हती. विनोद सोडला तर, नारळीकरांनी जे केले ते शहाणपणाचे आहे. त्यांनी आपला इतिहास पुसला नाही. पंतांना ते जग दाखवले, आणि परत इथेच आणून सोडले.

आता शेवटचे उदाहरण. 1964 पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठी घरांत आला. ली फॉकने 1936 साली निर्माण केलेला हा नायक. अरण्यातले लोक त्याला शेकडो वर्षे जगणारा, न मरणारा मानतात. वाचकाला मात्र गुपित ठाऊक असते. तो एक माणूस नाही. बाप गेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, अशी ती एकविसावी पिढी आहे. मला या सगळ्या नायकांत हा अधिक जवळचा वाटतो. त्याचे चिरंजीवित्व कोणाचे आयुष्य हिरावून मिळालेले नाही. प्रत्येकाने आपापले आयुष्य जगून, मरून, ते पुढे दिलेले आहे. आपल्या दंडारीतला रावण असाच जगला. पोशाख तोच राहिला, नट बदलत गेले.

या सर्वांतून मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात सांगतो. नायकाला हजार वर्षे देणे सोपे आहे. शाईचा एक थेंब पुरतो. काळ मागे फिरवणेही तितकेच सोपे. पण ती वर्षे कोणाच्या वाट्यातून आली, आणि मागे कोण उरले, हे शोधणारी कथाच खरी कथा होते. सातपुड्यातल्या लोकांनी ते शोधले, कार्नाडांनीही शोधले. ज्या कथेत हा शोध नाही, ती सुपरमॅनच्या त्या उड्डाणासारखी डोळ्यांना सुख देते आणि विसरली जाते. पृथ्वी उलटी फिरली तेव्हा इतर लाखो माणसांच्या त्या दिवसाचे काय झाले, याचा हिशेब तिथे कोणी मागत नाही.

पालकांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. तुमच्या मुलाच्या वहीत अशी एखादी कथा सापडली, तर ‘दुसऱ्याचे काय उचलतोस’ म्हणून ती फाडू नका. 2020 आणि 2021 या वर्षांत साथीने कितीतरी घरांतली माणसे नेली. त्या घरांतली मुले आता मोठी होत आहेत. त्यांच्यातल्या एखाद्याने मेलेल्या नायकाला परत आणण्यासाठी काळाचे चाक फिरवले, तर तो नुसता खेळ समजू नये. आपल्या दुःखाचे नाव त्याला घेता येत नाही, म्हणून तो टोनी स्टार्कचे घेतो. ती कथा त्याच्याजवळ बसून वाचा. वाचून झाल्यावर त्याला विचारा की, नायक परत आला हे बरे झाले, पण त्यासाठी कोणाला काय द्यावे लागले? तो गप्प बसेल, विचार करील, आणि दुसऱ्या दिवशी पुढचे पान लिहील.

आणि ते पान त्याने मराठीत लिहावे. जमल्यास आपल्या झाडीबोलीत लिहावे. बोलीत गोष्टी सांगितल्या जातात तोवर तिला मरण नसते. तिला त्यासाठी ब्रह्मलोकी जावे लागत नाही, की कोणाच्या मुलाचे तारुण्य मागावे लागत नाही. तिरोड्यातल्या कोणा मुलाच्या वहीत आज रात्री दोन पाने लिहिली गेली, तर तेवढेही तिला पुष्कळ झाले.