आधी रोग ओळखा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज बोंडअळीवर बोलायचे ठरले होते. पण सकाळपासून चौघांनी एकच गाऱ्हाणे घातले. पीक विम्याचा अर्ज भरता भरता संगणकावरचे पान आपोआप नव्याने उघडते, लिहिलेले सारे पुसले जाते. मुदत संपायला आली की हेच. तेव्हा अळी जरा थांबेल.

कपाशीचे पान उलटून न बघता फवारा मारणारा पैसा घालवतो. इथेही आधी रोग ओळखा.

पान डोळ्यांसमोर असतानाच पलटते? मग घड्याळ लावा. दर ३० सेकंदांनी पलटत असेल, तर पान बनवणाऱ्यानेच तशी आज्ञा त्यात घातली आहे. बाजारभावाच्या पानाला ते ठीक. पण अशी ८ पाने ८ टॅबांत उघडी ठेवलीत, तर मिनिटाला १६ वेळा मागणी जाते, तीही गावच्या रेंजवर! अर्जाच्या वाट्याला काय उरणार? बंद करा ती.

दुसऱ्या टॅबात जाऊन परत आल्यावरच पान नव्याने उघडत असेल, तर मेमरी वाचवायला ब्राउझर मागचे टॅब झोपवतो आहे. संगणकावर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स या सदरात मेमरी सेव्हर आहे. कोणते संकेतस्थळ झोपवायचे नाही, ते तिथेच सांगता येते. मोबाईल जुना असेल तर ओटीपी बघायला गेलात तेवढ्यात पान जाते. ओटीपी वरच्या पट्टीतच वाचा.

तिसरा प्रकार घातकी. एका खरिपात मी घाईने दोन शेतकऱ्यांचे अर्ज एकाच ब्राउझरच्या दोन टॅबांत उघडले. लॉगिनची ओळख टॅबागणिक वेगळी नसते, साऱ्या ब्राउझरला एकच असते. दुसरे लॉगिन झाले, पहिले पान ताजे झाले, तर नाव दुसऱ्याचे आणि गट नंबर पहिल्या बाईंचा! त्या बाईंनीच ओरडून थांबवले. मी कृषी पदवीधर, मला दिसलेच नव्हते. तो अर्ज तसाच गेला असता तर नुकसानभरपाई कोणाला मागायची?

म्हणून एका वेळी एकच अर्ज. लॉगआउट, मग पुढचा. दोन लागलेच तर दुसरा वेगळ्या ब्राउझरमध्ये. माहिती आधी कागदावर लिहून न्या, सातबारा आणि पासबुकाचे फोटो तयार ठेवा. आणि पावतीवरचे नाव व गट नंबर वाचल्याशिवाय खुर्ची सोडू नका.

हं, आता बोंडअळी.