बेगडेवाडीच्या फलाटावरील दोन सरकारें

पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल देहूरोड व तळेगांव यांच्या दरम्यान बेगडेवाडीस थांबते. स्थानक लहानच, परंतु संघराज्याची घडण समजून घेण्यास तें एखाद्या जाड ग्रंथाइतकें उपयोगी आहे. गाडी ज्या रुळांवर उभी राहते ते मध्यवर्ती सरकारचे. आसपासच्या शेतजमिनीचा सातबारा आणि सारा हा राज्याचा विषय. मात्र त्याच स्थानकांत कोणाचा खिसा कापला गेला, तर फिर्याद नोंदवितात ते लोहमार्ग पोलीस, आणि ते महाराष्ट्र सरकारचे! राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचींत 'पोलीस' हा विषय राज्यांच्या यादींत असून त्यांत रेल्वे पोलिसांचा स्पष्ट उल्लेख आहे. रेल्वेच्या मालमत्तेच्या रक्षणासाठीं १९५७ च्या कायद्यानें उभारलेलें दल तेवढें मध्यवर्ती सत्तेचें. खिसा गमावलेल्या प्रवाशास हा भेद कळावा अशी अपेक्षा करणें म्हणजे क्रूरपणाच होय.

याद्यांची ही पद्धत १९३५ च्या कायद्यापासून चालत आलेली. घटना अमलांत आली तेव्हां मध्यवर्ती यादींत ९७, राज्यांच्या यादींत ६६ व सामाईक यादींत ४७ विषय होते. यादीबाहेर उरलेलें सर्व मध्यवर्ती संसदेकडे जातें. अमेरिकेंत याच्या उलट. तेथें १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीनें उरलेले अधिकार राज्यांकडे वा जनतेकडे ठेविले आहेत.

देहूरोड परिसरांत हा प्रश्न पुस्तकी राहत नाहीं. लष्करी कोठारांभोंवतीं १९०३ च्या संरक्षण-बांधकामविषयक कायद्यानें २,००० यार्डांपर्यंतच्या जमिनीवर बांधकामाचे निर्बंध घालतां येतात. जमीन मालकाची, उताऱ्यावर नांव त्याचें, पण मुलाच्या लग्नाआधीं दोन खोल्या वाढवाव्या म्हटलें तर हात बांधलेले. हें अंतर कमी करण्याचा अधिकार विधानसभेस नाहीं, कारण संरक्षण व लष्करी बांधकामें हे मध्यवर्ती विषय. गंमत अशी, कीं त्या कायद्याखालील नुकसानभरपाई ठरविण्याचें काम कलेक्टराकडे, म्हणजे राज्याच्या नोकराकडे! निर्बंध मात्र निष्कारण नव्हेत. पुलगांवच्या कोठारास ३१ मे २०१६ रोजीं आग लागून जवानांचे प्राण गेले, हें विसरून चालणार नाहीं. तक्रार निर्बंधाविषयीं नसून, भरपाईवांचून लादलेल्या निर्बंधाविषयीं असली पाहिजे.

मग मध्यवर्ती सत्तेस सीमा आहे कीं नाहीं? डिसेंबर १९६२ मध्यें पश्चिम बंगालच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें ठरविलें, कीं संसदेच्या कायद्यानें राज्याच्या मालकीची जमीनसुद्धां संपादन करतां येते. न्यायमूर्ति सुब्बा राव यांनीं भिन्न मत दिलें; राज्यांच्या स्वत्वाची बूज त्यांच्याच निकालपत्रांत अधिक राखली गेली. पुढें वारें फिरलें. फेब्रुवारी १९८० मध्यें महाराष्ट्रासह नऊ राज्यांच्या विधानसभा मध्यवर्ती सरकारनें बरखास्त करविल्या होत्या. परंतु १९९४ च्या बोम्मई खटल्यांत नऊ न्यायाधीशांच्या पीठानें मंत्रिमंडळाचें बहुमत सभागृहांतच अजमाविलें पाहिजे असें सांगितलें, आणि संघराज्यपद्धति ही घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग मानली.

बेगडेवाडीच्या जमीनमालकास या मोठ्या निकालांचा थेट लाभ थोडा. त्याच्या हातीं कलम २२६ आहे. त्या अन्वयें मुंबईच्या उच्च न्यायालयांत एकाच अर्जानें मध्यवर्ती सरकार व राज्य सरकार या दोघांनाही प्रतिवादी करतां येतें. मग कोणता विषय कोणाच्या यादींत, हें त्या दोघांनीं न्यायाधीशांपुढें सांगावें.