सेल का भरत नव्हता?



माझी लेक नववीत आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी तिनं उन्हावर चालणारा छोटा कंदील केला. 6 व्होल्टचं 1 वॅटचं पॅनेल, एक चार्जिंग बोर्ड आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेला लिथियम सेल. प्रदर्शन चार दिवसांवर आलं आणि कंदील पेटेना. "आई, पॅनेलच खराब निघालं गं," म्हणून रडायला लागली.

मी म्हटलं, आधी मोजू या, मग रडू. शेजारच्या वायरमनकाकांकडून मल्टिमीटर आणला आणि डीसी 20 व्होल्टवर ठेवला.

नुसतं पॅनेल मोजलं, तर 6 च्या वर आकडा. बोर्ड जोडला आणि आकडा 4 वर घसरला. बोर्डाला निदान साडेचार तरी लागतात. म्हणजे मोकळं पॅनेल मोजून भागत नाही, कामाला जुंपल्यावर मोजायचं. कारण समोरच होतं. पॅनेल खिडकीत, काचेमागे, आणि एका कोपऱ्यावर गजाची सावली. पॅनेलमधल्या पट्ट्या एकीला एक जोडलेल्या असतात. एकीवर सावली पडली की सगळ्यांचाच प्रवाह अडतो, पाण्याच्या नळीवर पाय पडल्यासारखा.

पॅनेल गच्चीवर नेलं. आकडा 5 वर टिकला, बोर्डाचा लाल दिवा लागला. लेक नाचायला लागली. पण मी सेल काढून मोजला. 1.8 व्होल्ट!

असा सेल भरल्यावर 4.2 दाखवतो, आणि रिकामा झाला तरी अडीच-तीनच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. इतका खाली गेलेला सेल आतून बिघडतो. पुन्हा भरताना तो तापू शकतो, पेटूही शकतो. आणि हा कंदील रात्री तिच्या उशाशी असायचा. माझ्या पोटात गोळा आला. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो सेल ई-कचऱ्यात दिला.

तो इतका खाली गेला कसा? आमच्या बोर्डाला चारच टोकं होती, सेल वाचवणारी सोय नव्हती. दिवा सेल पिळत राहिला. सहा टोकांचा, संरक्षणाची सोय असलेला बोर्ड घ्या. त्यात दिव्याची जोडणी वेगळी असते, आणि सेल फार उतरला की बोर्ड स्वतःच दिवा तोडतो.

आता हिशेब. 1 वॅटचं पॅनेल भर उन्हात साधारण 160 मिलिअँपिअर देतं. 2000 चा सेल भरायला बारा तासांहून जास्त कडक ऊन, म्हणजे दोन-तीन दिवस. म्हणून नवा सेल आम्ही मोबाइलच्या चार्जरनं बोर्डावरूनच भरून घेतला.

प्रदर्शनात कंदील पेटला. लेकीनं शेजारी तो जुना चार टोकांचा बोर्डही ठेवला, आणि येईल त्याला सांगत होती, "हा घेऊ नका."

तेव्हा बायांनो, फुगलेला, गरम होणारा किंवा उतरून गेलेला सेल जिवापेक्षा महाग नाही. मोजा, आणि मगच जोडा.