लहान वाइनरी : तळघरातले काम आणि ताटातली जोड

(द्राक्ष बागाईतदारांच्या मेळाव्यात नाशिक जिल्ह्यातील एका लहान वाइन उत्पादक शेतकऱ्याने केलेले भाषण)



खाण्याच्या द्राक्षात आपला हात कसलेला आहे. पण वाइनच्या द्राक्षाकडे वळताना यातले बरेचसे ज्ञान उलटे करावे लागते. खाण्याच्या द्राक्षात आपण विरळणी करतो, जिबरेलिक आम्लात घड बुडवतो आणि मणी फुगवतो. वाइनला लहान मणी लागतो, कारण लाल वाइनचा रंग व तुरटपणा सालीतून येतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानाने साल जास्त. म्हणून वेलीवर घड मोजकेच ठेवावेत व पाणी हात राखून द्यावे.

तोडणीचा दिवस

आपल्याकडे वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये येते. शेनिन ब्लांक, सोव्हिन्यों ब्लांक या पांढऱ्या आणि शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों या लाल जाती नाशिक भागात रुळल्या आहेत. तोडणी केवळ साखर बघून करू नये. ब्रिक्स २२ ते २४ ला आला तरी आम्लता व सामू तपासावा. उन्हाचा ताव वाढला की मण्यातील आम्ल झपाट्याने उतरते आणि सामू चढतो. सामू चढलेला रस लवकर बिघडतो.

तोडणी पहाटे सुरू करून ऊन चढण्यापूर्वी आटोपावी. तोडणीच्या तोंडावर गंधकाची फवारणी टाळावी. सालीवर राहिलेले गंधक किण्वनात उतरले, तर वाइनला नासक्या अंड्यासारखा वास येतो. माल देणाऱ्या शेजाऱ्यांना मी ही गोष्ट हंगामाच्या आधीच सांगून ठेवतो.

तळघरातले काम

तळघर हा शब्द ऐकून दगडी भुयार डोळ्यांसमोर येते. आमच्याकडे जाड भिंतीची, उष्णतारोधक छताची शेड आहे आणि थंड पाण्याचे आवरण असलेल्या स्टीलच्या टाक्या आहेत. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात आणि तो साधारण १२ ते १८ अंश सें. तापमानात आंबवतात. लाल वाइन सालीसकट, सुमारे २२ ते २८ अंशांत आंबते. या काळात साली वर तरंगून जाड थर धरतात. दिवसातून दोन-तीन वेळा तो थर खाली दाबावा लागतो, नाहीतर तो वाळतो व त्यावर सिरका करणारे जिवाणू वाढतात.

एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. म्हणून घनतामापी रोज टाकीत बुडवून साखर किती उतरली ते वहीत लिहावे. किण्वन अर्ध्यावर थांबले, तर ते वहीतच प्रथम दिसते.

पुढचे काम स्वच्छतेचे आणि धीराचे आहे. गाळ बसला की वाइन दुसऱ्या टाकीत काढायची, टाकी काठोकाठ भरून ठेवायची, गरजेपुरते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट मोजून द्यायचे. अर्धी टाकी म्हणजे वर हवा आणि हवा म्हणजे सिरका. पाइप, पंप, बादली धुण्यातच निम्मा दिवस जातो. पाहुण्यांना वाटते की आम्ही दिवसभर चव घेत बसतो, पण हातात खराटा असतो.

जीव सांभाळा

आता सर्वांत महत्त्वाचे. एक लिटर रस आंबताना सुमारे ५० ते ६० लिटर कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. एक हजार लिटरची टाकी म्हटली, तर चार मीटर लांब, चार मीटर रुंद व तीन मीटर उंच खोली भरेल एवढा वायू झाला. तो हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात व रिकाम्या केलेल्या टाकीत साचून राहतो. त्याला वासही नाही.

विहिरीत उतरलेला माणूस गुदमरला आणि त्याला काढायला गेलेला भाऊही गेला, अशा घटना आपण गावोगाव ऐकल्या आहेत. टाकीतही हेच घडते. कंदील किंवा मेणबत्ती सोडून पाहण्यावर विसंबू नये, कारण ज्योत तेवत असतानाही हवा माणसाला घातक असू शकते. वायू मोजण्याचे यंत्र ठेवावे आणि हवा खेचणारे पंखे जमिनीलगत बसवावेत. टाकीत एकट्याने कधीही उतरू नये. आत कोणी पडला, तर श्वसनयंत्राशिवाय मागोमाग उडी घेऊ नये. आधी हवा सोडावी व मदत बोलवावी. गड्यांना हे हंगामाच्या पहिल्याच दिवशी समजावून सांगावे.

ताटाशी जोड

वाइनरीत आलेला पाहुणा हमखास विचारतो, ही कशाबरोबर घ्यायची? उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात शोधावे.

१) तिखट जेवणाबरोबर जास्त मद्यार्काची, तुरट लाल वाइन नको. मद्यार्काने तिखटाची आग वाढते. ठेचा, मिसळ यांबरोबर किंचित गोडसर व गार शेनिन ब्लांक बरी.

२) आंबट पदार्थाला आंबटपणा असलेलीच वाइन टिकते. कोकम घातलेले मासे, लिंबू पिळलेली तळलेली सुरमई, कोथिंबीर वडी यांना सोव्हिन्यों ब्लांक जुळते. माशाबरोबर तुरट लाल वाइन घेतली तर तोंडाला धातूसारखी चव येते.

३) मटणातील चरबी व प्रथिने तुरटपणा मऊ करतात. म्हणून भाजलेले मटण किंवा बेताच्या तिखटाचे सुके मटण आणि शिराझ ही जोडी जमते.

४) तळलेल्या भज्यांना फेसाळ वाइन चांगली. बुडबुडे व आम्ल जिभेवरचा तेलकटपणा धुऊन काढतात.

५) पुरणपोळीसारख्या गोडाबरोबर वाइन पदार्थापेक्षा गोड हवी, नाहीतर ती आंबट लागते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी असे पुस्तकात असते. ती खोली युरोपातली असते! आपल्याकडे चैत्रात खोली ३५ अंशांवर जाते. लाल वाइन १६ ते १८ आणि पांढरी ८ ते १२ अंशांवर द्यावी.

एक स्पष्ट सांगतो. वाइन हे औषध नव्हे. तिच्यात साधारण १२ ते १४ टक्के मद्यार्क असतो. गिऱ्हाईक वाढवण्यासाठी आरोग्याच्या खोट्या गोष्टी सांगू नयेत.

लागवडीपूर्वी विचार करा

राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. विंचूर व पलूस येथे वाइन पार्क झाले. अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. पुढे २००८ नंतरच्या मंदीत उठाव घटला, टाक्या भरलेल्या राहिल्या आणि कित्येक शेतकऱ्यांना बागा तोडाव्या लागल्या. खाण्याच्या द्राक्षाचा भाव पडला तर बेदाणा करता येतो. वाइनच्या बियांच्या लहान मण्याला मात्र दुसरा बाजार जवळजवळ नाही.

म्हणून जात, साखर, दर, तोडणीची तारीख व पैसे देण्याची मुदत यांचा लेखी करार हाती आल्याशिवाय एक काडीही लावू नका. स्वतःची वाइनरी काढायची असेल, तर राज्य उत्पादन शुल्क खात्याचा परवाना आधी घ्यावा लागतो. शिवाय लाल वाइनचा पैसा तोडणीनंतर वर्षभर, कधी त्याहून जास्त अडकतो. तेवढे भांडवल बाजूला आहे का, हे घरात सर्वांनी मिळून बसून ठरवा. सुरुवात थोड्या टाक्यांनी करा आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला स्वतः भेटा. लहान वाइनरीला जाहिरात परवडत नाही. तिची विक्री चवीवर आणि मालकाच्या बोलण्यावर होते.

कोणाला टाक्या बघायच्या असतील तर तोडणीच्या दिवसांत जरूर या, पण सकाळी लवकर या आणि कामाला हात लावायची तयारी ठेवा.