जुन्या मोटारीचे मंद दिवे



आज आपणांपुढें मांडावयाचा विषय रुक्ष वाटण्याजोगा आहे. जुन्या मोटारीचे पुढील दिवे नीट लागेनासे झाले म्हणजे त्यांतील दोष कसा शोधावा, हा तो विषय. जुनी गाडी बाळगणारीं कुटुंबें आजही पुष्कळ आहेत. कोणी वडिलांची आठवण म्हणून ती ठेवतात, कोणी हौसेनें, तर कोणी पोटासाठीं. मीं हा विषय मोहर्लीस जवळून पाहिला, म्हणून तेथील उदाहरण घेऊनच तो सांगतों.

चंद्रपूर जिल्ह्यांत इरई धरणाच्या जलाशयालगत मोहर्ली हें गांव आहे. ताडोबाच्या वनांत शिरण्याचें तें एक प्रमुख द्वार. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीं झालें आणि अंधारी अभयारण्यासह तेथें १९९५ सालीं व्याघ्र प्रकल्प झाला. वर्षानुवर्षें येथें प्रवाशांना वनांत नेणारी गाडी म्हणजे मारुती जिप्सी. ती १९८५ सालीं बाजारांत आली; तिचें उत्पादन थांबूनही आतां कांहीं वर्षें लोटलीं. तेव्हां या वाटेवर दिसणारी कोणतीही जिप्सी ही आतां जुनीच गाडी होय.

वनांतील फेऱ्या दिवसाउजेडीं होतात, मग दिव्यांचें एवढें काय, असें कोणी विचारील. परंतु सकाळच्या फेरीसाठीं चालकास पहांटेच्या काळोखांत गाडी काढावी लागते, आणि संध्याकाळीं पाहुण्यांना मुक्कामीं पोंचवून तो घराकडे वळतो तेव्हां अंधार पडलेला असतो. वाट झाडीची. कोठें चितळांचा कळप आडवा येतो, कोठें रानडुक्कर, कोठें सायकलीवरून परतणारा मजूर. ताशीं साठ किलोमीटर वेगानें गाडी सेकंदास जवळजवळ सतरा मीटर जाते. समोरचें दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला तर पंचवीस मीटर संपले; पुढें गाडी थांबावयास कोरड्या रस्त्यावरही जवळजवळ तितकेंच अंतर लागतें. दिव्याचा उजेड पन्नास मीटरांच्या अलीकडेच विरत असेल, तर चालक डोळे असून आंधळा!

आतां मुळापासून पाहूं. विजेस जाण्याची वाट लागते तशी परतीचीही लागते, हें आपण शाळेंत शिकलों. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेला प्रवाह फ्यूज, स्विच आणि डिपर यांतून बल्बाकडे जातो, आणि गाडीच्या लोखंडी अंगांतून ऋण टोकास परत येतो. या परतीच्या वाटेस मेकॅनिक लोक 'अर्थ' म्हणतात. जाण्याच्या वाटेकडे सर्वांचें लक्ष असतें. परतीच्या वाटेची आठवण फार थोड्यांस होते. एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या इंग्रजी क्रीडा-मोटारींपैकीं पुष्कळ गाड्यांत धन टोकच अंगास जोडलेलें असे. आणि कित्येक जपानी धर्तीच्या गाड्यांत स्विच हा बल्बाच्या पुढें नसून परतीच्या वाटेवर असतो. म्हणून पान्हा हातीं घेण्यापूर्वीं आपल्या गाडीचा विजेचा नकाशा मिळवावा.

दोष ओळखण्याची रीत वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखी आहे. आधीं लक्षण, मग औषध. एकच दिवा बंद असेल तर दोन्ही बाजूंचे बल्ब आपसांत बदलून पाहावे. दोष बल्बाबरोबर दुसऱ्या बाजूस गेला तर बल्ब निकामी; जागच्या जागीं राहिला तर होल्डर, तार, त्या बाजूचा फ्यूज किंवा अर्थ यांपैकीं कांहीं तरी बिघडलें आहे. दोन्ही बाजूंचा लांबचा प्रकाश लागतो परंतु जवळचा लागत नाहीं, तर आधीं डिपरचा संशय घ्यावा. कांहींच लागत नसेल तर फ्यूज आणि मुख्य स्विच तपासावा. फ्यूज पुनःपुन्हा जळत असेल तर कोठें तरी तार घासून उघडी पडली आहे असें समजावें. तेथें जाड फ्यूज घालणें म्हणजे चोर घरांत शिरला असतां राखणदारास रजा देणें होय. गाडीला आग लागावयास एवढें पुरें होतें.

दिवे लागतात परंतु मंद लागतात, हा दोष सर्वांत फसवा. इंजिनाचा वेग वाढवून पाहावा. वेगाबरोबर उजेड स्पष्ट वाढला तर बॅटरी अथवा तिला वीज पुरविणारा अल्टरनेटर यांची परीक्षा करावी. उजेड तसाच रोडावलेला राहिला तर वाटेंत कोठें तरी वीज अडते आहे. एका बाजूचा दिवा मंद, डिपर दाबला कीं भलताच दिवा मिणमिणतो, असें चमत्कारिक लक्षण दिसलें तर अर्थ तुटला आहे असें बहुधा समजावें. परतीची वाट न मिळाल्यामुळें प्रवाह दुसऱ्या तंतूंतून आडमार्गानें जात असतो.

मोहर्लीकडे या दोषास पावसाळा कारण होतो. जुलै ते सप्टेंबर वनाचा गाभा प्रवाशांना बंद असतो. या तीन महिन्यांत कित्येक गाड्या छपराखालीं उभ्याच राहतात, ओल प्रत्येक स्क्रूखालीं शिरते, आणि ऑक्टोबरांत हंगाम उघडतो तेव्हां गंज आपलें काम करून बसलेला असतो.

अशाच एका ऑक्टोबरांत ओळखीचा एक चालक मजकडे आला. डावा दिवा मंद झाला होता. बल्ब दोनदां बदलून झाला होता आणि आतां तो नवी बॅटरी घ्यावयास निघाला होता. "गुरुजी, बल्ब तं नवाच हाये, मंग उजेड कोठं गेला?" असें त्यानें विचारलें. मंगळवार होता, त्या दिवशीं उद्यान बंद असतें, म्हणून त्यालाही सवड होती. मीं त्याला म्हटलें, "बाबा, पैसे खर्चण्याआधीं मोजून तर पाहूं." दिवे चालू ठेवून मीटर लावला. बॅटरीपाशीं साडेबारा व्होल्ट, बल्बापाशीं साडेदहा. दोन व्होल्ट वाटेंतच नाहींसे झाले होते! मग मीटरचें एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरें बल्बाच्या अर्थच्या पत्तीवर ठेवलें. तेथें कांटा शून्याजवळ राहावयास हवा. तो पावणेदोनावर गेला. चोर सांपडला. गाडीस रंग देतांना कोणी तरी अर्थच्या स्क्रूखालीं रंग जाऊं दिला होता, आणि त्यावर पावसाळ्यानें गंज चढविला होता. पॉलिश-कागदानें पत्ती व पत्रा चकचकीत घासला, स्क्रू आवळला, वरून थोडें ग्रीस लावलें. बल्बाला बारावर व्होल्ट मिळूं लागले. बॅटरीचे पैसे वांचले. त्यांतून त्यानें मुलीच्या वह्या घेतल्या.

दोन व्होल्ट ही लहान गोष्ट वाटेल. परंतु बल्बाचा स्वभाव असा कीं दाब दहा टक्के उतरला तर उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. वरील दिव्यांत दाब सोळा टक्के उतरला होता, म्हणजे उजेड निम्म्याजवळ आला होता.

उजेड कमी पडला कीं अधिक शक्तीचा बल्ब घालण्याची बाजारांत चाल आहे. ती घातक आहे. साधा हॅलोजन बल्ब जवळच्या प्रकाशास पंचावन्न वॅट घेतो. दोन्ही मिळून नऊ-साडेनऊ अँपियर प्रवाह जुन्या स्विचमधून जातो. दुप्पट शक्तीचे बल्ब घातले तर तोच स्विच व तोच होल्डर वितळूं लागतो. खरा उपाय रिलेचा. रिले बसविल्यानें बॅटरीपासून जाड तारेनें वीज थेट दिव्याकडे जाते, आणि जुन्या स्विचला केवळ इशारा देण्याचें हलकें काम उरतें. हॅलोजन बल्बाच्या कांचेस बोट लावूं नये. बोटाचा तेलकटपणा तापून कांच त्या जागीं लवकर निकामी होते. दिव्यामागचा आरसा काळवंडला असेल तर नवा बल्बही व्यर्थ होय. शेवटीं भिंतीसमोर गाडी उभी करून जवळच्या प्रकाशाची वरची कडा दिव्याच्या उंचीहून किंचित् खालीं येते कीं नाहीं तें पाहावें. नाहीं तर आपली वाट उजळेल आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतील.

मुलांना गणित शिकवितांना मी एक नियम सांगत असें: एका वेळीं एकच पद बदला, मग उत्तर कोठें चुकलें तें कळेल. मोटारीलाही तोच नियम लागू आहे. बल्ब, फ्यूज आणि बॅटरी एकदम बदलणारा मनुष्य कधीं तरी दिवा लावतो, परंतु तो कशानें लागला हें त्याला कळत नाहीं. म्हणून पुढच्या पावसाळ्यानंतर तो पुन्हा तेथेंच उभा असतो. गाडी आपली असो वा भाड्याची, तिच्या दिव्यांवर आंत बसलेल्यांचा जसा जीव अवलंबून आहे, तसाच वाटेवरून मुकाट्यानें चालणाऱ्या माणसांचा आणि जनावरांचाही आहे. पावसाळा सरला कीं दसऱ्याच्या पूजेआधीं गाडीचे दिवे एकवार मोजून पाहावे, एवढीच विनंती.