यंत्रमानवाची करसवलत आणि आपली भूमिका

(म्हसळा येथील कार्यकर्ता अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



यंत्रमानव आणि स्वयंचलन यांच्या संशोधनाला मिळणाऱ्या करसवलतीचा म्हसळ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आपल्या शेजारच्या दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. तेथील कारखान्यांत किती हात लागतील आणि किती यंत्रे, हे ठरविणाऱ्या गोष्टींपैकी करधोरण ही एक आहे. म्हणून हा विषय आपलाच आहे.

१९६१ च्या आयकर कायद्यात कलम ३५ (२एबी) होते. उत्पादक कंपनीने मान्यताप्राप्त संशोधनशाळेवर १०० रुपये खर्च केले, तर २०१० च्या अर्थसंकल्पानंतर तिला उत्पन्नातून २०० रुपये वजा करता येत. कराचा दर ३० टक्के धरला तर कर ६० रुपयांनी घटे. त्यांतील ३० रुपये धंद्याच्या कोणत्याही रास्त खर्चावर वाचतातच. उरलेले ३० रुपये म्हणजे जनतेच्या तिजोरीतून दिलेले अनुदान. मात्र त्याला अनुदान म्हटले जात नाही, त्यामुळे त्याचा हिशेबही कोणी मागत नाही.

हे अनुदान मिळे कोणाला? कायद्यात शब्द होता ‘कंपनी’. भोसरीतील एखाद्या भागीदारी कार्यशाळेने स्वयंचलित यंत्र घडविले, तरी ही वाढीव सवलत तिच्यासाठी नव्हती. सहकारी संस्थेचीही तीच गत. शिवाय ज्याला नफाच नाही, त्याला वजावटीचा तात्काळ उपयोग नाही. आणि नव्या शोधाच्या पहिल्या वर्षांत नफा क्वचितच असतो. ज्याचे पोट भरलेले, त्यालाच वाढायचे, असा हा प्रकार होता.

पुढे ही वजावट २०१७-१८ पासून १५० टक्के आणि २०२०-२१ पासून १०० टक्के झाली. म्हणजे वाढीव भाग संपला. यावर आपण आनंद मानावा काय? मुळीच नाही. कारण २०१९ सालीच, इतर सवलती सोडणाऱ्या कंपन्यांना २२ टक्के कराचा दर देण्यात आला. त्यास संशोधनाची अट नाही आणि रोजगाराचीही नाही. संशोधन करणारा व न करणारा एकाच पंगतीत बसला. आपल्या देशाचा संशोधनावरील खर्च २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघा ०.६४ टक्के होता, आणि त्यात खाजगी क्षेत्राचा वाटा निम्म्याहून कमी.

समाजवाद्यांचे यंत्राशी वैर नाही. केरळमधील तरुण अभियंत्यांनी २०१८ साली ‘बँडिकूट’ हा यंत्रमानव मॅनहोल साफ करण्यासाठी उतरविला. त्यामागे राज्य सरकारचे पाठबळ होते. गटारात गुदमरून मरणाऱ्या माणसाची त्यातून सुटका होत असेल, तर त्या यंत्रावर जनतेचा पैसा अवश्य खर्च व्हावा. पण वेल्डिंग करणाऱ्या कामगाराला घरी बसविणाऱ्या यंत्रालाही तोच पैसा, त्याच अटींवर, डोळे मिटून का द्यावा?

जुलै २०२५ मध्ये केंद्राने खाजगी संशोधनासाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली. अल्प व्याजाने, प्रसंगी बिनव्याजी, दीर्घ मुदतीची कर्जे असे तिचे स्वरूप आहे. सवलत गेली आणि कर्ज आले. अटींचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

म्हणून आपल्या मागण्या तीन असाव्यात. पहिली, संशोधनाला मदत द्यावी, पण ती लहान कार्यशाळा व सहकारी संस्था यांनाही रोख अनुदानाच्या रूपाने मिळावी. दुसरी, लाभ घेणाऱ्या प्रत्येक कंपनीचे नाव, मिळालेली रक्कम आणि हाती आलेले फळ दरवर्षी प्रसिद्ध व्हावे. तिसरी, जनतेच्या पैशाने घडलेले यंत्र कारखान्यात येण्यापूर्वी कामगार संघटनेशी करार व्हावा आणि हटविल्या जाणाऱ्या कामगाराच्या प्रशिक्षणाचा खर्च मालकाने सोसावा.

दिघीचे भूखंड वाटले गेल्यावर या मागण्यांना फारसा अर्थ उरणार नाही. जमीन कोकणाची, पैसा जनतेचा आणि शेवटी आपल्या मुलांनी पुन्हा मुंबईची वा आखाताची वाट धरायची, हे टाळायचे असेल तर गावोगावच्या सभांतून हा हिशेब आताच मांडला पाहिजे.